चाळीस शिलिंगांचं कोर्ट

वेल्सच्या सीमेलगत असलेल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये एक जुनी हस्तलिखित पोथी जपून ठेवलेली आहे. पोथी शुभवर्तमानांची, आठव्या शतकातली. तिच्या अखेरच्या कोऱ्या जागेत मात्र एका घरगुती कज्ज्याची हकिकत लिहिलेली आहे. काळ राजा कनूटचा, म्हणजे १०१६ ते १०३५ मधला. हेरफर्डशायरची सभा भरली होती. बिशप होते, राजाचे बडे अधिकारी होते, शेरीफ होता आणि परगण्यातले जमीनदार होते. एडविन नावाचा एक माणूस सभेपुढे आला आणि जमिनीच्या एका तुकड्यासाठी त्यानं चक्क आपल्या आईवर दावा लावला.

बिशपांनी विचारलं, आईच्या बाजूनं कोण बोलणार? ‘गोरा’ या टोपणनावानं ओळखला जाणारा थर्किल उठला. म्हणाला, तिचं म्हणणं ठाऊक असतं तर बोललो असतो. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मग सभेनं तीन जाणते जमीनदार निवडले आणि त्यांना घोड्यावरून म्हातारीच्या गावी पाठवलं. दाव्याची गोष्ट ऐकताच म्हातारी संतापली. मुलाचा हक्क लागेल असा एक तुकडाही माझ्याकडे नाही, असं तिनं बजावलं. शेजारी बसलेल्या लेओफ्लेड नावाच्या नातलग बाईकडे बोट दाखवून तिनं जाहीर केलं, की माझ्यामागे जमीन, सोनं, कपडेलत्ते सगळं हिचं; पोटच्या पोराला काही नाही. आणि हे जसंच्या तसं सभेला सांगा, असा तिघांना निरोप दिला. तिघांनी तो सांगितला. सभेनं मान्य केला. थर्किल तडक घोड्यावर बसून देवळात गेला आणि निकाल त्या पोथीत लिहवून घेतला.

लेओफ्लेड ही थर्किलचीच बायको. आजच्या कोर्टात अशा माणसाला म्हातारीच्या वतीनं उभं राहायला मिळालं असतं का, हा प्रश्न मनात येतोच. हजार वर्षांपूर्वीच्या त्या सभेला तो पडला नाही. नोंदीत पुरुषांची नावं भरपूर आहेत. जिनं निकाल फिरवला त्या म्हातारीचं मात्र नाव नाही.

या सभेत निकाल देणारा न्यायाधीश दिसत नाही. बिशप सभा चालवतात, पण ठरवते ती जमलेली मंडळी. वकील नाही, अर्ज नाही, दप्तर नाही. निकाल टिकवायचा तर तो लोकांच्या स्मरणात ठेवायचा, आणि स्मरणावर फारसा भरवसा नसेल तर देवाच्या पोथीत. आपल्याकडच्या गोतसभेची ज्यांना थोडीफार माहिती आहे त्यांना हे वातावरण परकं वाटणार नाही. इंग्लंडात काउंटी कोर्ट नावानं जे काही पुढे हजार वर्षं चाललं, त्याचा उगम या शायर-सभेत, म्हणजे परगण्याच्या सभेत आहे; शायर आणि काउंटी ही परगण्याचीच दोन नावं. वाट मात्र सरळ नाही. मधे हे कोर्ट जवळजवळ मेलं, आणि १८४६ साली त्याचं नाव घेऊन एक निराळंच कोर्ट उभं राहिलं. दोन्हींचा दावा एकच होता: न्याय लांब राजधानीत नको, माणसाच्या घराजवळ हवा.

दहाव्या शतकात राजा एडगरनं कायदा केला, की शायरची सभा वर्षातून दोनदा भरावी; बिशपांनी धर्माचा आणि परगण्याच्या मुख्य सरदारानं व्यवहाराचा कायदा तिथे सांगावा. सभा पुष्कळदा उघड्यावरच भरे. बर्कशायरची क्विचेल्मच्या जुन्या टेकाडावर, केंटची मेडस्टोनजवळच्या पेनेंडनच्या माळावर. ९९०च्या सुमारास बर्कशायरात विनफ्लेड नावाच्या बाईचा जमिनीचा दावा निघाला, तेव्हा राजानं स्वतः निकाल न देता आपली मुद्रा त्या टेकाडावर पाठवली आणि सभेला कळवलं, की तुम्हाला योग्य वाटेल तसा समेट करा. तिच्या बाजूनं साक्ष द्यायला बायकाही उभ्या राहिल्या होत्या.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. नव्या राजांनी ही सभा मोडली नाही. ती त्यांच्या सोयीची होती. कुठली जमीन कोणाची, कोणता हक्क कोणी दाबला, हे परक्या सरदारांना कळणार कसं? ते सांगणारी माणसं सभेतच होती. याचा सर्वांत गाजलेला दाखला पेनेंडनच्या माळावरचा, १०७०च्या दशकातला. कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांची तक्रार होती, की चर्चच्या जमिनी बायोचा बिशप ओडो यानं बळकावल्या आहेत. हा ओडो म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाचा सावत्र भाऊ आणि केंटचा अर्ल. त्याच्याविरुद्ध बोलायची कुणाची प्राज्ञा! तरीही राजाच्या हुकमानं सभा भरली आणि तीन दिवस चालली. जुन्या इंग्लिश रीतीरिवाजांची जाण असलेला एथेलरिक नावाचा माजी बिशप फार म्हातारा झाला होता; त्याला गाडीत घालून माळावर आणलं गेलं. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांच्या म्हाताऱ्याला विचारावं, की तुमचा कायदा काय होता, हे दृश्य मला निकालापेक्षा मोलाचं वाटतं. बऱ्याच जमिनी चर्चला परत मिळाल्या.

पुढे धर्माचे खटले चर्चच्या वेगळ्या कोर्टात गेले, बिशप हळूहळू या सभेतून बाजूला झाले आणि उरला तो शेरीफ. मुंबईकरांना शेरीफ म्हणजे मानाचं, समारंभाचं पद एवढंच माहीत. मध्ययुगातला शेरीफ म्हणजे परगण्यातली राजाची सगळी सत्ता: वसुली, तुरुंग, फौज आणि काउंटी कोर्टाचं अध्यक्षपद. पण अध्यक्ष असला तरी निकाल त्याचा नव्हता. निकाल द्यायचा तो हजर राहणाऱ्या जमीनधारकांनी.

आणि ही हजेरी कुणी हक्क म्हणून मागत नसे. ती जमिनीला चिकटलेली वेठ होती. अमुक जमीन ज्याच्याकडे, त्यानं कोर्टाला यायचंच. न आल्यास दंड. कामाच्या दिवसांत, चिखल तुडवत, वीस-पंचवीस मैलांवरच्या किल्ल्यात दुसऱ्यांची भांडणं ऐकायला जायची हौस कोणाला असणार? मोठे जमीनदार आपले कारभारी पाठवत. शेरीफ दंडाच्या लोभानं वारंवार कोर्ट भरवत. म्हणूनच मॅग्ना कार्टाची जी आवृत्ती १२१७ मध्ये पुन्हा जाहीर झाली, तिच्यात एक कलम आलं: काउंटी कोर्ट महिन्यातून एकदाच, त्याहून जास्त वेळा नाही, आणि जिथे याहून लांब अंतरानं भरायची चाल आहे तिथे ती तशीच राहील. राजाकडून लोकांनी मिळवलेल्या सवलतींत कमी वेळा न्याय मिळण्याची सवलतही होती, हे वाचून गंमत वाटते. पण ज्याला दर वेळी दिवस मोडून जावं लागे त्याच्या बाजूनं पाहिलं की गंमत ओसरते.

सगळे जमून ठरवतात म्हणजे सगळ्यांचं चालतं असंही नव्हे. तेराव्या शतकात ब्रॅक्टनच्या नावानं प्रसिद्ध असलेल्या कायद्याच्या ग्रंथात राजाच्या फिरत्या न्यायाधीशांना सल्ला दिला आहे, की परगण्यात पोचलात की आधी तिथल्या चार-सहा बड्या असामींना बाजूला घेऊन बोला, कारण बाकीच्यांची मतं त्यांच्या मानेच्या हालचालीवर हलतात. गावकी जिथे जिथे आहे तिथे हे चार-सहा जण असतातच.

पुराव्याची पद्धतही शेजारावर उभी होती. माझ्यावर पैशांचा खोटा दावा लागला असेल, तर मी शपथ घ्यायची की देणं नाही, आणि माझ्या शपथेवर विश्वास असलेले अकरा जण आणून त्यांनाही शपथ घ्यायला लावायची. ते काय घडलं हे सांगत नसत. माणूस खोटं बोलणारा नाही, एवढंच सांगत. आपल्याला हे भाबडं वाटतं. पण जिथे नरकाची भीती खरी होती आणि प्रत्येक जण प्रत्येकाला जन्मापासून ओळखत होता, तिथे अकरा माणसं गोळा न होणं हाच निकाल असे.

या कोर्टाचं सर्वांत भयंकर काम म्हणजे माणसाला कायद्याबाहेर टाकणं. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेला कोणी पळून गेला, की त्याचं नाव काउंटी कोर्टात पुकारायचं. लागोपाठच्या पाच कोर्टांत पुकारा व्हायचा. पाचव्यांदाही आला नाही तर तो कायद्याबाहेरचा ठरे. मालमत्ता जप्त, कोणी आसरा दिला तर तोही गुन्हेगार, आणि सुरुवातीच्या शतकांत तर असा माणूस दिसला की लांडग्यासारखा मारायलाही मोकळीक. रॉबिन हूडच्या कथा ज्या जंगलात घडतात त्या जंगलात माणसाला पाठवणारा दरवाजा हाच. दरमहा एक पुकारा, पाच महिने. पोलीस नसलेल्या राज्यानं शोधलेली ही युक्ती होती: आम्हाला तुला पकडता येत नाही, म्हणून तुझ्याभोवतीचं कायद्याचं कुंपणच काढून घेतो.

पार्लमेंटसुद्धा काही काळ याच कोर्टाच्या पायरीवर घडलं. परगण्याच्या वतीनं राजाकडे जाणारे प्रतिनिधी काउंटी कोर्टात निवडले जात, कारण परगण्यातली मातब्बर मंडळी एकत्र येण्याची ती एकच जागा होती. गर्दीत हाणामाऱ्या होऊ लागल्या तेव्हा १४३० मध्ये नियम झाला, की वर्षाला किमान ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन असेल त्यानंच मत द्यावं. तो नियम १८३२ पर्यंत टिकला.

४० शिलिंग हाच आकडा कोर्टाच्या मुळावर आला. १२७८ मध्ये ग्लॉस्टरला झालेल्या एका कायद्यात म्हटलं होतं, की किमान ४० शिलिंगांचा मामला असल्याशिवाय राजाच्या न्यायाधीशांकडे येऊ नका. उद्देश उघड होता: क्षुल्लक भांडणं खालीच मिटावीत. पण राजाच्या न्यायाधीशांनी वाक्य उलटं करून वाचलं. ४० शिलिंगांखालचं वर यायचं नाही, म्हणजेच ४० शिलिंगांवरचं खाली ऐकायचं नाही! दावे आपल्याकडे यावेत यात त्यांचा फायदा होता. फीचा पैसा दाव्यामागे चालत असे. राजाकडून खास आज्ञापत्र आणलं तर शेरीफाला मोठा दावाही ऐकता येई, नाही असं नाही. पण एकदा आज्ञापत्रासाठी पैसे मोजायचेच, तर माणूस थेट वेस्टमिन्स्टरचं राजाचं कोर्टच का गाठणार नाही? शिवाय चालू असलेला दावा वरच्या कोर्टात ओढून नेण्याची सोय होती. या कोर्टाकडे लेखी दप्तर नसल्यामुळे निकालाविरुद्ध तक्रार झाली, की चार सरदार राजाच्या कोर्टात जाऊन काय घडलं ते तोंडी सांगत. निकाल चुकीचा ठरला तर दंड साऱ्या परगण्याला. कोणाला हवी होती ही जबाबदारी?

तेराव्या शतकात ४० शिलिंग, म्हणजे दोन पौंड, ही भारी रक्कम होती. शतकं गेली, महागाई वाढली, आकडा तिथेच गोठला. अठराव्या शतकात ब्लॅकस्टोन कायद्यावरचा आपला मोठा ग्रंथ लिहीत होते, तेव्हा काउंटी कोर्ट म्हणजे एक आदरणीय अवशेष उरलं होतं. निवडणुका आणि घोषणा तिथे व्हायच्या, दावे फारसे नाहीत. दहा पौंड उधारी वसूल करायची असलेल्या दुकानदाराला वेस्टमिन्स्टरच्या कोर्टांकडे जावं लागे, आणि तिथला खर्च मूळ रकमेच्या कितीतरी पट.

ही पोकळी शहरांनी आपापल्या परीनं भरली. लंडनमध्ये १५१८ पासून, आणि अठराव्या शतकात पार्लमेंटच्या खास कायद्यांनी गावोगाव, ‘कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स’ नावाची छोटी कोर्टं निघाली. तिथे कायदा शिकलेला न्यायाधीश नव्हता. गावातले दुकानदार, कारखानदार आयुक्त म्हणून बसत आणि दोघांना समोर उभं करून विवेकबुद्धीनं निकाल देत. बर्मिंगहॅमचे विल्यम हटन हे त्यांतले सर्वांत बोलके. कागदाचे व्यापारी, गावाचा इतिहास लिहिणारे, आणि वर्षानुवर्षं या कोर्टात बिनपगारी बसणारे. त्यांनी १७८७ मध्ये या कोर्टांवर पुस्तकच लिहिलं. गरिबांचे हजारो तंटे आपण कसे मिटवले याचा त्यात सार्थ अभिमान आहे. चार वर्षांनी, १७९१ च्या जुलैत, बर्मिंगहॅममध्ये धार्मिक दंगल उसळली आणि जमावानं हटन यांचं दुकान लुटलं, गावाबाहेरचं घर जाळलं. ते प्रस्थापित चर्चच्या पंथाचे नव्हते हे एक कारण. पण दुसरं कारणही त्या वेळी सांगितलं गेलं: त्यांच्या कोर्टात हरलेले लोक त्या जमावात होते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा न्याय करायचा तर शेजाऱ्याला त्याचं घर माहीत असतं.

वसुलीचं सर्वांत धाकाचं हत्यार होतं तुरुंग. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये एका बेकरीवाल्याच्या ४० पौंड आणि काही शिलिंगांच्या देण्यापायी मार्शलसी तुरुंगात जावं लागलं, तेव्हा चार्ल्स बारा वर्षांचा होता. लेखकानं ती जखम जन्मभर जपली. १८२८ मध्ये हेन्री ब्रूम यांनी कायद्याच्या सुधारणेवर पार्लमेंटात सहा तास भाषण केलं. स्वस्त स्थानिक कोर्टं हवीत, हा त्यांचा ध्यास. पुढे लॉर्ड चॅन्सेलर झाल्यावर त्यांनी विधेयकं आणली, पण ती पडली. लंडनच्या बॅरिस्टरांना आपलं काम गावोगाव वाटलं जाणं परवडणारं नव्हतं. अखेर गाडं हललं ते भलत्याच धक्क्यानं. १८४४ मध्ये २० पौंडांपर्यंतच्या कर्जासाठी तुरुंग बंद करणारा कायदा झाला. लहान सावकार आणि दुकानदार खवळले: हत्यार काढून घेतलंत, आता वसुली कशी करायची? त्यांची ओरड थांबवायला जो कायदा १८४६ मध्ये आला, तोच नव्या काउंटी कोर्टांचा. त्याच्या शीर्षकातही न्याय किंवा गरीब असे शब्द नाहीत. लहान कर्जांची वसुली अधिक सोपी करण्याचा कायदा, एवढंच म्हटलं आहे. पुढे या कोर्टाला गरिबांचं कोर्ट म्हणण्याची रीत पडली, ती शीर्षक न वाचणाऱ्यांनी पाडली असावी.

१८४७ च्या मार्चमध्ये कोर्टं सुरू झाली. देशाचे ६० फेरे पाडले, त्यांत ४९१ ठिकाणी कोर्ट. एका फेऱ्याला एक न्यायाधीश. तो रेल्वेनं या गावाहून त्या गावाला फिरायचा. कायद्यानं या कोर्टांना जुन्या काउंटी कोर्टाचे अधिकार बहाल केले, पण त्यांच्या हद्दी परगण्यांशी जुळत नव्हत्या. शेरीफ गेला, जमलेले जमीनदार गेले. आता किमान सात वर्षं वकिली केलेला बॅरिस्टर एकटा बसून निकाल देऊ लागला. कुणी मागितले तर पाच जणांचे ज्युरी मिळत. फारसं कुणी मागत नसे. मर्यादा सुरुवातीला २० पौंड, १८५० मध्ये ५०, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १००.

काम चाले ते असं. दुकानदार कोर्टाच्या कचेरीत जाऊन दावा नोंदवी, फी भरी. कारकून समन्स काढी, बेलीफ ते घरी पोचवी. तारखेला दोघं समोर. बॅरिस्टर नको; साधा सॉलिसिटर बोलू शके, आणि तोही नसला तर आपण स्वतः. बहुतेक दाव्यांत वाद असा नसेच. देणं कबूल, प्रश्न फक्त, आठवड्याला किती देणार? न्यायाधीश पगार विचारी, पोरं किती ते विचारी आणि हप्ता बांधून देई. एकेका दाव्याला मिनिटं लागत. सकाळी शेकडो नावांची यादी संपवून गाडी गाठायची असे. नवरा खाणीत किंवा गिरणीत असल्यानं कोर्टात पुष्कळदा बायकोच उभी राही. उधारीही तिनंच केलेली असे. दारोदार कापड विकणारे फेरीवाले, त्यांतले बरेच मूळचे स्कॉटलंडचे, नवरा कामावर असताना घरी येत, आठवड्याच्या हप्त्यावर शाल-झगा देत आणि हप्ता चुकला की नवऱ्यावर दावा लावत. या फेरीवाल्यांवर अनेक न्यायाधीशांचा मनातून राग होता.

एका बाबतीत ही लहान कोर्टं मोठ्यांच्या पुढे होती. वेस्टमिन्स्टरच्या कोर्टांत १८५१ पर्यंत वादी-प्रतिवादींना स्वतःच्या खटल्यात साक्षच देता येत नसे. ज्याचा स्वार्थ गुंतलाय तो खोटंच बोलणार, हे गृहीत. काउंटी कोर्टात मात्र १८४६ पासून दोघांनी आणि त्यांच्या बायकांनीही शपथेवर बोलायचं. ज्याला काय घडलं ते सर्वांत जास्त माहीत, त्यालाच विचारायचं, ही आज बाळबोध वाटणारी गोष्ट. अनुभव असा आला, की आभाळ कोसळलं नाही. मग मोठ्या कोर्टांनीही तीच वाट धरली.

निकालानंतरही पैसे आले नाहीत तर जप्ती. त्यातून अंगावरचे कपडे, अंथरूण आणि पाच पौंडांपर्यंतची धंद्याची हत्यारं वगळलेली. जप्त करण्याजोगं काही नसलं तर दुसरं समन्स, आणि हा या कोर्टाचा काळा भाग. ऐपत असून दिलं नाही असं दिसलं, तर ४० दिवसांपर्यंत तुरुंग. तुरुंग भोगला तरी कर्ज शिल्लकच. १८६९ च्या कायद्यानं कर्जासाठी कैद रद्द केल्याचा मोठा गाजावाजा झाला, पण ऐपतदार देणेकऱ्यासाठीची ही तरतूद सहा आठवड्यांच्या मुदतीसह राहिली. आता ऐपत कोणाची मोजायची? मोठ्या कर्जात बुडालेला व्यापारी दिवाळं काढून मोकळा होई. आठवड्याला एक पौंड मिळवणाऱ्या मजुराला दिवाळं काढणंसुद्धा परवडत नसे; १८८३ मध्ये ५० पौंडांखालच्या कर्जदारांसाठी सगळी देणी एकत्र करून हप्त्यांनी फेडण्याची सोय झाली, ती काहींच्याच कामी आली.

एडवर्ड अ‍ॅबट पॅरी हे १८९४ पासून मँचेस्टरच्या काउंटी कोर्टाचे न्यायाधीश. मुलांसाठी गमतीदार गोष्टी लिहिणारा हा माणूस कोर्टात बसून रोज तुरुंगाच्या हुकमांवर सह्या करायचा आणि बाहेर येऊन त्याच कायद्याविरुद्ध लिहायचा. तुरुंगाची भीती आहे म्हणूनच विक्रेते ऐपत नसलेल्याला उधार देतात. भीती काढा, उधारी आपोआप आटेल, हा त्यांचा युक्तिवाद होता. ‘द लॉ अँड द पुअर’ हे त्यांचं १९१४ चं पुस्तक या रागातून आलं. १८९८ च्या जुलैत एका बेलीफानं भर कोर्टात पॅरींवर गोळ्या झाडल्या. त्याचा परवाना पॅरींनी रद्द केला होता. ते वाचले. गोळी झाडणारा कर्जदार नव्हता, कोर्टाच्या परवान्यावर पोट भरणारा माणूस होता, ही नोंद त्या काळातल्या बेलीफांच्या धंद्याबद्दल बरंच सांगते. कर्जासाठीची ही कैद बऱ्याच अंशी हटायला मात्र १९७० साल उजाडावं लागलं.

पॅरींच्या काळापर्यंत कोर्टाकडे कामांचा ढीग पडत गेला होता: ५०० पौंडांपर्यंतचे विश्वस्त व मिळकतीचे मामले, जहाजांचे दावे, लंडनबाहेरची दिवाळखोरी, आणि १८९७ नंतर कामावर जखमी झालेल्या मजुरांची भरपाई. या शेवटच्या कामात खाणमजूर प्रथमच मोठ्या संख्येनं मागणारा म्हणून उभा राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला दहा लाखांहून जास्त दावे लागत होते. त्यांतले बहुसंख्य अर्थातच त्याच लहान उधाऱ्यांचे.

ही पद्धत आपल्याकडेही लगोलग आली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही शहरांत कंपनीच्या काळापासून कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स होतीच. १८५० च्या नवव्या कायद्यानं त्यांच्या जागी लघुवाद न्यायालयं आली. इंग्लंडच्या कायद्याला चारच वर्षं झाली होती. मुंबईच्या धोबी तलावावरचं स्मॉल कॉज कोर्ट म्हणजे इंग्लंडच्या त्या दुकानदारांच्या ओरडीचा लांबचा वारस. पुण्याच्या लघुवाद न्यायालयात १८८४ मध्ये न्यायाधीश म्हणून बसले ते न्यायमूर्ती रानडे. इकडे कर्जाच्या कैदेचा प्रश्न वेगळ्या वाटेनं सुटू पाहत होता: १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं शेतकऱ्याला कर्जापायी अटक करणं बंद केलं. सोलापूर-नगरच्या कुणब्याला जी सवलत मिळाली ती मँचेस्टरच्या गिरणीकामगाराला आणखी नव्वद वर्षं मिळायची होती. आज मुंबईचं कोर्ट मुख्यतः घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणांसाठी ओळखलं जातं.

इंग्लंडात १९७० मध्ये ग्राहक मंडळानं काउंटी कोर्टांतल्या दाव्यांची पाहणी केली. फसलेल्या ग्राहकानं व्यापाऱ्यावर लावलेला दावा त्यात जवळजवळ सापडलाच नाही; दावा लावणाऱ्या कंपन्याच, आणि ज्यांच्यावर लावला ती माणसं. मग १९७३ पासून वकिलाशिवाय चालणारी लहान दाव्यांची सोपी पद्धत आली आणि बिघडलेल्या धुलाई यंत्राबद्दल दुकानदाराला कोर्टात खेचणं साध्या माणसालाही जमू लागलं. वसुलीवाल्यांचा ओघ काही त्यामुळे थांबला नाही. नव्वदच्या दशकापासून त्यांचे दावे गठ्ठ्यांनी नॉर्दम्प्टनच्या एकाच केंद्रात संगणकावरून येऊ लागले. २०१४ च्या एप्रिलमध्ये परगण्यांचा आणि फेऱ्यांचा उरलासुरला हिशेबही संपला. इंग्लंड आणि वेल्स मिळून आता एकच काउंटी कोर्ट आहे, गावोगावच्या इमारती म्हणजे त्याच्या बसण्याच्या जागा. दाव्याचा कागद टपालानं येतो. ज्यानं मुदतीत उत्तर दिलं नाही त्याच्यावर हुकूमनामा होतो, आणि ठरावीक रकमेच्या अशा दाव्याकडे एकाही न्यायाधीशानं पाहिलेलं नसतं. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर नाव सहा वर्षं एका नोंदवहीत राहतं. ही नोंदवही १८५२ पासून चालू आहे. बँका ती पाहूनच घराचं कर्ज नाकारतात.